दोनशे टकरा आणि एक घड्याळ

‘एकाच वेळी’ हे दोन शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दोन पाहुणे एकाच वेळी दारात आले, समोरासमोरची दोन दुकाने एकाच वेळी उघडली, असे म्हणताना त्यांत मिनिट-अर्ध्या मिनिटाचा फरक असला तरी आपले काही अडत नाही. लग्नघरी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडून मुहूर्त साधणाऱ्या जोशीबुवांचे काम पळांवर भागत असे, आणि पळ म्हणजे चोवीस सेकंद. पोथीत पळाच्या खाली विपळही असे, म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश. परंतु तळाला भोक पाडलेल्या वाटीने कोणी विपळ मोजला असेल असे मला वाटत नाही. ‘एकाच वेळी’ याचा खरा अर्थ, माझ्याजवळच्या घड्याळाला त्यातला फरक कळला नाही, इतकाच असतो. घड्याळ बारीक केले की एक घटना म्हणून जी दिसत होती तिच्या दोन होतात, दहा होतात. आज ज्या यंत्रांविषयी सांगावयाचे आहे ती अशी एका ‘एकाच वेळी’चे तुकडे पाडण्यासाठीच बांधली जात आहेत.

आरंभी मापे पाहून घेऊ. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले की एका भागास नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्यात प्रकाश तीस सेंटीमीटर चालतो, म्हणजे मुलांच्या दप्तरातील फूटपट्टीएवढे अंतर. नॅनोसेकंदाचे पुन्हा हजार भाग केले की पिकोसेकंद. एका सेकंदात जितके पिकोसेकंद असतात तितके सेकंद जमवावयाचे झाले तर बत्तीस हजार वर्षे लागतील. फूटपट्टी म्हणजे एक नॅनोसेकंद आणि तिच्यावरील मिलिमीटरची एक रेघ म्हणजे तीन पिकोसेकंदांहून किंचित अधिक, एवढे मनाशी धरले तर पुढचे सारे सोपे जाईल.

जिनिव्हा शहराजवळ, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरांवर, सत्तावीस किलोमीटर घेराचे एक वर्तुळाकार बोगद्यातील यंत्र आहे. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेचे हे यंत्र एल. एच. सी. या आद्याक्षरांनी जगभर ओळखले जाते. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने फिरविले जातात आणि चार ठिकाणी ते एकमेकांस छेदतात. झोत म्हणजे नळातून येणाऱ्या पाण्यासारखी सलग धार नव्हे. प्रोटॉनांचे पुंजके केलेले असतात. एकेका पुंजक्यात दहा हजार कोटींहून अधिक प्रोटॉन, आणि एका पुंजक्यामागून दुसरा पंचवीस नॅनोसेकंदांनी, म्हणजे पंचवीस फूटपट्ट्यांच्या अंतराने. दोन पुंजके समोरासमोर येऊन एकमेकांतून पार होतात, यास आपण ‘ओलांडणी’ म्हणू. सेकंदाला सुमारे चार कोटी ओलांडण्या होऊ शकतात. प्रोटॉन इतके सूक्ष्म की हजारो कोटींतील बहुतेक सर्व एकमेकांस चुकवून निघून जातात. थोडे मात्र धडकतात. त्या टकरींतून नवे कण जन्मतात आणि भोवताली उभारलेली चार-चार पाच-पाच मजली शोधकयंत्रे त्यांच्या वाटा टिपतात.

आता अडचण पाहा. ज्या घटनेसाठी हा खटाटोप, ती फार दुर्मिळ असते. हिग्ज कणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला. त्या वर्षी एका ओलांडणीत सरासरी वीसेक टकरा होत असत. दुर्मिळ गोष्ट अधिक वेळा पाहावयाची तर टकरा वाढविल्या पाहिजेत, आणि त्या वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे पुंजके अधिक दाट करणे व छेदनस्थानी ते अधिक बारीक दाबणे. त्याप्रमाणे ही संख्या वाढत वाढत २०२४ पर्यंत साठाच्या घरात गेली. याच यंत्राची जी मोठी सुधारणा हाती घेतली आहे, तिच्यात ती १४० ते २०० करावयाची आहे. २०२६ च्या मध्यास यंत्र थांबवून दीर्घकाळ काम करावयाचे आणि २०३० च्या सुमारास नव्या जोमाने चालू करावयाचे, अशी आखणी आहे. दोनशेपैकी एखाद्याच टकरीत आपल्या उपयोगाचे काही असणार, आणि पुष्कळदा एकाही नसणार. उरलेल्या टकरी केवळ गर्दी करतात. शास्त्रज्ञ तिला ‘पाइल-अप’ म्हणतात. आपण ढीग म्हणू या. दोनशे टकरींतून हजारो कण एकदम उधळतात. एखाद्या टकरीतून उत्तम साक्षीदार बाहेर पडला, पण तो कोणत्या टकरीचा हेच सांगता आले नाही, तर त्याची साक्ष काय कामाची? जे यंत्र अधिक पाहता यावे म्हणून जोरदार करावयाचे, त्याच जोरामुळे त्याची दृष्टी अधू व्हावी, असा हा पेच आहे.

आजवर हा पेच जागेच्या साह्याने सोडविला गेला. पुंजका म्हणजे गोळी नव्हे, सुई आहे. जाडीने केसाहून बारीक आणि लांबीने साधारण विताएवढा. त्यामुळे सर्व टकरा एका बिंदूत होत नाहीत, झोताच्या रेषेवर दहा-पंधरा सेंटीमीटरांत विखुरतात. सिलिकॉनच्या पातळ पत्र्यांनी प्रत्येक विद्युत्भारित कणाची वाट टिपली जाते, ती वाट मागे ओढीत रेषेपर्यंत नेली की कण कोठून निघाला ते कळते. वीस टकरा असता हे उत्तम जमते, पन्नास-साठांपर्यंत निभते. दोनशे टकरा पंधरा सेंटीमीटरांत म्हणजे मिलिमीटरला एकीहून अधिक. मध्यभागी तर जवळजवळ दोन. आडवा निघालेला कण आपले जन्मस्थान चांगले दाखवितो. परंतु जो झोताच्या दिशेलाच जवळ धरून तिरपा पळतो, त्याचे मूळ शोधताना मिलिमीटर-दीड मिलिमीटराची चूक सहज होते. दोन लोहमार्ग काटकोनात छेदतात तेव्हा छेदबिंदू बोट ठेवून दाखविता येतो. पण हळूहळू जवळ येत एकमेकांत मिळणाऱ्या दोन रुळांचा सांधा लांबून नेमका कोठे, हे सांगताना डोळा चुकतो, तसेच हे. या तिरप्या कणांच्या बाबतीत एका मिलिमीटरात दोन-तीन उमेदवार टकरा उभ्या राहतात आणि निवाडा करता येत नाही.

येथे काळ मदतीला येतो. विताएवढ्या लांबीच्या दोन सुया एकमेकींतून पार व्हावयाच्या म्हणजे त्याला वेळ लागणारच. दिंड्या समोरासमोरून एकमेकींतून जातात तेव्हा आधी पताकावाल्यांची गाठ पडते, मग टाळकऱ्यांची, शेवटी मागे राहिलेल्यांची. पुंजक्यांचेही तसेच. फरक एवढाच की हा सारा समारंभ उण्यापुऱ्या अर्ध्या नॅनोसेकंदात आटोपतो. आजच्या शोधकांना हा अर्धा नॅनोसेकंद म्हणजे एकच क्षण. त्यांच्या दृष्टीने दोनशेही टकरा ‘एकाच वेळी’ झाल्या. पण तीस पिकोसेकंदांपर्यंत अचूक असे घड्याळ प्रत्येक कणाच्या वाटेवर ठेवता आले, तर त्या एका क्षणाच्या अनेक चकत्या होतील. एकाच मिलिमीटरात दोन टकरा झाल्या असल्या तरी एक आधी आणि एक दोनशे पिकोसेकंदांनी नंतर असेल. जागेने एकत्र दिसणाऱ्या दोघी काळाने वेगळ्या होतील. हिशेब असा सांगतो की दोनशेचा ढीग मग चाळीस-साठांच्या ढिगासारखा, म्हणजे आजवर हाताळला आहे तेवढाच, भासू लागेल. जागेच्या मापाने शेकडा पंधराच्या आसपास टकरा एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसतात. काळाचे माप जोडले की ते प्रमाण शेकडा एक-दोनवर येते.

घड्याळ लावून कण ओळखण्याची कल्पना नवी मुळीच नाही. जर्मनीत बोटे आणि गायगर यांनी १९२५ च्या सुमारास दोन गणकयंत्रे एकदम टिकटिकली की नाही हे पाहून एक मोठा वाद मिटविला, आणि १९३० साली ब्रूनो रोस्सी यांनी त्यासाठी निर्वात नळ्यांचे मंडल बसविले. परंतु या पद्धतीचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे १९५५ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे लागलेला प्रतिप्रोटॉनाचा शोध. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण आजच्या यंत्रांचे मूळ तत्त्व त्यात स्वच्छ दिसते.

सेग्रे, चेंबरलेन, वीगंड आणि इप्सिलांटिस या चौघांपुढे प्रश्न असा होता की तांब्याच्या लक्ष्यावर प्रोटॉन आदळले असता ऋण विद्युत्भाराचे जे कण निघतात, त्यांत जवळजवळ सगळे पायॉन असतात. त्या हजारो पायॉनांत एखादा प्रतिप्रोटॉन असलाच तर तो ओळखावा कसा? चुंबकांनी वळवून त्यांनी सारख्या संवेगाचे कण निवडले. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग या दोहोंवर ठरणारी रेटण्याची शक्ती. ती सारखी असेल तर जड कण हळू असलाच पाहिजे. मग त्यांनी चाळीस फुटांच्या अंतरावर दोन गणक मांडले. हलका पायॉन ते अंतर चाळीस नॅनोसेकंदांत कापी. प्रोटॉनाएवढ्या जड कणास एकावन्न नॅनोसेकंद लागावयास हवे होते. अकरा नॅनोसेकंदांच्या त्या फटीत नवा कण सापडला. दोन निरनिराळे पायॉन योगायोगाने अकरा नॅनोसेकंदांच्या अंतराने आले तर फसगत होईल, म्हणून कणाचा वेग स्वतंत्रपणे तपासणारे आणखी एक यंत्र त्यांनी वाटेत ठेविले होते. सेग्रे आणि चेंबरलेन यांस १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाकीच्या दोघांना ते मिळाले नाही, ही गोष्ट कित्येकांना आजही खटकते, मलाही खटकते.

त्या काळी अकरा नॅनोसेकंद ओळखणे ही कमाल होती. आज हवे आहेत तीस पिकोसेकंद, म्हणजे त्याहून साडेतीनशे पटींनी बारीक. मधल्या टप्प्यावर एल. एच. सी.वरीलच अ‍ॅलिस या प्रयोगाचे उदाहरण आहे. तेथे पातळ काचांच्या थप्प्या, त्यांच्यामधील अगदी बारीक फटींत वायू, आणि वर उच्च विद्युद्दाब, अशा दीड लाखांहून अधिक सूक्ष्म घड्याळांनी शोधकयंत्राला वेढा दिला आहे. त्यांची अचूकता साठ-ऐंशी पिकोसेकंदांची. पण तेथे टकरींची गर्दी थोडी असते. सी. एम. एस. आणि अ‍ॅटलास या दोन मोठ्या प्रयोगांतील गर्दीत ही रीत पुरी पडत नाही, म्हणून त्यांनी निराळ्या वाटा धरल्या.

सी. एम. एस.ने मधल्या पिंपासारख्या भागासाठी स्फटिक निवडले. ल्युटेशियम, इट्रियम आणि सिलिका यांपासून केलेला, सिरियमचा अंश घातलेला हा जड, काचेसारखा स्वच्छ स्फटिक कण शिरताच निळसर लकाकतो. कर्करोगाच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयांत जे ‘पेट’ यंत्र असते त्यातही हाच लागतो. सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद, अशा पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या कांड्या, एकूण एक लाख पासष्ट हजारांहून अधिक. आणि प्रत्येक कांडीच्या दोन्ही टोकांना एकेक सूक्ष्म प्रकाशग्राहक. दोन्ही टोकांना कशासाठी? कण कांडीच्या डाव्या बाजूस शिरला तर प्रकाश डावीकडे लवकर पोहोचेल, उजवीकडे उशिरा. दोन्ही वेळांची सरासरी घेतली की कण कोठे शिरला याचा परिणाम निघून जातो. युक्ती साधी आहे, पण तिच्यावाचून काम झाले नसते.

यात एक कोडे आहे, ते चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. हा स्फटिक एकदा लकाकला की त्याची चमक विझण्यास सुमारे चाळीस नॅनोसेकंद लागतात. चाळीस नॅनोसेकंद रेंगाळणाऱ्या उजेडाने तीस पिकोसेकंद कसे मोजावयाचे? नाट्यगृहाचा दरवाजा केव्हा उघडला हे ठरवावयाचे असेल तर शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत थांबावे लागत नाही. पहिले पाच-सात जण दिसले की पुरे. प्रेक्षक जितके अधिक तितके हे पहिले जण दरवाजा उघडताच दिसणार. एका कणामुळे या कांडीत लाखाच्या वर प्रकाशकण निर्माण होतात, आणि त्यांतील अगदी पहिल्यांची हजेरी घेऊन वेळ ठरविली जाते. शेवटचा कोण आणि केव्हा, याच्याशी कर्तव्य नाही.

पिंपाच्या दोन्ही टोकांच्या झाकणांकडे, जेथे ते तिरपे कण जातात, तेथे मारा इतका जबर असतो की स्फटिक टिकणार नाहीत. म्हणून सी. एम. एस.ने तेथे, आणि अ‍ॅटलासने आपल्या टोकांच्या चकत्यांत, एका नव्या प्रकारच्या सिलिकॉनचा आश्रय केला आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत तो स्पेनमधील बार्सिलोना येथे प्रथम घडला. साध्या सिलिकॉन पत्र्यातून कण गेला की त्याच्या वाटेवर इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते टोकाकडे धावतात आणि क्षीण स्पंद मिळतो. जागा सांगण्यास तो पुरतो; वेळ सांगण्यास पुरत नाही, कारण स्पंद सावकाश चढतो आणि रेडिओत असते तशा खरखरीत त्याचा आरंभ बुडतो. नव्या सिलिकॉनमध्ये दोन गोष्टी केल्या. एक तर पत्रा पातळ केला. काम करणारा थर अवघा पन्नास मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहून अधिक नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन अर्ध्या नॅनोसेकंदात पार होतात. पातळ थरात सुटे होणारे इलेक्ट्रॉनही थोडे, तीन-चार हजार. म्हणून दुसरी गोष्ट अशी की टोकाजवळ बोरॉनचा एक चिमूटभर थर रुजविला. तेथे विद्युत्क्षेत्र इतके तीव्र असते की पोहोचणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन आणखी दहा-वीस सुटे करतो.

दहा-वीसच का? हजार का नाहीत? येथेच या शोधाची खुबी आहे. आवाज वाढविताना गायकाबरोबर सभागृहातील खोकलाही वाढतो. फार मोठी वृद्धी केली तर खरखर संकेताहून झपाट्याने वाढते. म्हणून या सिलिकॉनचे नावच मुळी ‘अल्प वृद्धी’चे आहे. आपल्या अल्पपणाचे नाव लावून मिरविणारे दुसरे यंत्र मला आठवत नाही. या सिलिकॉनचे चौकोन सव्वा मिलिमीटरांहून किंचित मोठे. अ‍ॅटलासमध्ये असे सुमारे छत्तीस लाख चौकोन बसावयाचे आहेत आणि सी. एम. एस.च्या टोकांना सुमारे पंचाऐंशी लाख. प्रत्येक चौकोन हे एक स्वतंत्र घड्याळ.

लोक विचारतात, इतके वेगवान घड्याळ करणे फार कठीण असेल नाही? असेल, पण माझ्या मते त्याहून कठीण आहे ते इतकी घड्याळे एकमताने चालविणे. आपल्या देशात १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आगगाडीचे घड्याळ चूक नव्हते आणि शहराचेही नव्हते. पण गाडी चुके ती चुकेच. शोधकयंत्रात लाखो घड्याळे असतात. त्यांतील प्रत्येक कितीही चोख असले तरी शेजाऱ्याशी त्याचा आरंभबिंदू जुळला नाही तर त्याच्या चोखपणाचा उपयोग शून्य. ठोका सगळ्यांना एकाच मूळ यंत्राकडून, काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने पाठविला जातो. तो तंतू एका अंशाने तापला तर किलोमीटरमागे सुमारे चाळीस पिकोसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे शंभर मीटरांच्या तंतूत चार. दुपारी खोली पाच अंशांनी तापली की वीस पिकोसेकंद गेले! पंखा लावून भागणारे हे काम नाही. म्हणून मूळ ठोक्याची डळमळ दहा-पंधरा पिकोसेकंदांच्या आत ठेवावयाची आणि उरलेला फरक खुद्द कणांकडूनच सतत तपासून घ्यावयाचा, अशी रीत योजिली आहे.

कणांकडून तपासून घ्यावयाचे म्हणजे कसे, तेही सांगतो. घड्याळ वेळ देते ती कण येऊन पोहोचल्याची. आपल्याला हवी असते तो निघाल्याची. वाटेची लांबी ठाऊक असते, वेगाचा अंदाज असतो. तेवढा प्रवासाचा काळ वजा केला की जन्मवेळ मिळते. एकाच टकरीतून पंचवीस कण निघाले असतील तर पंचविसांची जन्मवेळ एकच आली पाहिजे. प्रत्येकाच्या मापनात तीस पिकोसेकंदांची चूक असली तरी पंचविसांच्या सरासरीत ती पाचपटींनी घटून सहावर येते. जमिनीतील जरीब-साखळीची मोजणी अनेकदा करून सरासरी घेणाऱ्या भूमापकांना ही गोष्ट नवी नाही. एखादे घड्याळ वारंवार सरासरीच्या मागे पडू लागले तर त्याचा काटा तेवढा सरकवून घ्यावयाचा.

आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खुद्द कणांचा मारा. वर्षानुवर्षे त्यांच्या वर्षावात बसलेल्या सिलिकॉनमधील बोरॉन हळूहळू निकामी होतो आणि ती दहा-वीसपट वृद्धी मंदावते. बोरॉनशेजारी थोडा कार्बन पेरला तर तो अधिक टिकतो, हे प्रयोगांती आढळले. तरीही अखेरीस विद्युद्दाब वाढवीत न्यावा लागतो, आणि तेथे एक विचित्र अपघात समोर आला. कणझोतात चाचण्या चालू असता, दाब फार वाढविलेले काही तुकडे एका क्षणात जळून गेले. तपास करता दिसले की एकच कण, वाटेत अणुकेंद्राशी ठोकर घेऊन एका ठिकाणी फार भार सोडतो, आणि त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेतून सगळा साठा वाहून जाऊन भोक पडते. ज्या कणाची वेळ मोजावयाची त्यानेच घड्याळ फोडावे! उपाय म्हणून मायक्रॉनमागे अकरा व्होल्टची मर्यादा पाळावयाची ठरली. पन्नास मायक्रॉनला साडेपाचशे. अ‍ॅटलासने झोताजवळची कडी ठराविक काळाने बदलण्याची सोय आधीच आराखड्यात केली आहे. सी. एम. एस.च्या स्फटिकांवरील प्रकाशग्राहकांचे दुखणे वेगळे. माऱ्याने ते अंधारातही खोटे संकेत देऊ लागतात. त्यांस शून्याखाली पंचेचाळीस अंशांपर्यंत गारठवून ठेवावयाचे आणि यंत्राच्या सुट्टीत साठ अंशांपर्यंत ऊब देऊन त्यांची दुखापत काही अंशी भरून काढावयाची, असा पथ्योपचार आहे.

इतके सारे करून मिळणार काय? मुख्य आशा आहे ती हिग्ज कणांच्या जोडीची. हिग्ज हा कण स्वतःवरच कसा परिणाम करतो, हे समजावयाचे तर एकाच टकरीतून दोन हिग्ज निघताना पाहावे लागतात. विश्वाच्या आरंभकाळी या क्षेत्राने आजचे रूप कसे धारण केले, आणि हे रूप कायमचे आहे की नाही, या प्रश्नांचा दुवा तेथे आहे. परंतु जोडी ही एकट्या हिग्जपेक्षा हजारपटींहून अधिक दुर्मिळ, आणि तिचे पुरावे अनेक कणांत वाटलेले. त्यांतला एक जरी शेजारच्या टकरीच्या खात्यात गेला, किंवा शेजारचा एक उपरा आत आला, तरी हिशेब बिघडतो. दहा वर्षे टकरा घडवून आणावयाच्या आणि खात्यांच्या सरमिसळीपायी जोड्या हातच्या सोडावयाच्या, हे परवडणारे नाही. घड्याळांवर जो खर्च आणि कष्ट चालला आहे तो यासाठी.

या कामात आपल्याकडील लोकांचा हात कितपत आहे, असे येथे कोणी विचारील. सी. एम. एस.च्या अगदी बाहेरच्या बाजूस, मोठ्या चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर, कणांची ऊर्जा मोजणारा लकाकत्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जो थर आहे, तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या साह्याने घडला. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे. मुंबईहून तेथे जाऊन आलेल्या तंत्रज्ञांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलण्याचा योग आपणांपैकी कोणाला आला तर तो दवडू नये. यंत्राच्या पोटात उतरून केबली ओढलेल्या माणसाला जे सांगता येते ते व्याख्यात्याला येत नाही.

घड्याळांचा एक फायदा असा आहे की ज्याची प्रथम कोणी फारशी वाच्यता केली नव्हती. आजवरची शोधकयंत्रे असे धरून चालत आली की टकरीतून निघालेला कण प्रकाशाच्या वेगाने, ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी पोहोचणार. जो त्या वेळेत येत नाही तो पुष्कळदा मागच्या-पुढच्या ओलांडणीचा कचरा म्हणून बाजूस टाकला जातो. पण एखादा अद्याप न सापडलेला जड कण असेल, तर बर्कलेच्या प्रतिप्रोटॉनाप्रमाणे तो सावकाश चालणार. एखादा वाटेत थोडा थांबून, म्हणजे थोडे अंतर जाऊन, मग फुटणारा असेल. त्याचे तुकडे सरळ वाटेने आलेल्या कणांहून पाच-पन्नास पिकोसेकंद उशिरा पोहोचतील, कारण त्यांची वाट वाकडी झालेली असेल. सी. एम. एस.च्या स्फटिकांच्या पिंपाची त्रिज्या सव्वा मीटरांच्या आत आहे. प्रकाशाला तेथवर येण्यास चार नॅनोसेकंदही लागत नाहीत. त्या चार नॅनोसेकंदांत प्रकाशाच्या नऊदशांश वेगाने निघालेला कण सुमारे चारशे पिकोसेकंद मागे पडतो. तीस पिकोसेकंद ओळखणाऱ्या घड्याळास हा उशीर डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे, आणि यंत्र पुन्हा सुरू होईल तेव्हा असे उशिरा येणारे कोणी आहेत की नाहीत, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवता येईल.